माझ्या पाठीवरची सही

लिफ्टचं दार मिटता मिटता एक ओला बूट आत घुसला, आणि त्यामागोमाग उरलेला माणूस. बाहेर मार्चचा पाऊस, अर्धं पाणी, अर्धा बर्फ. तो नखशिखांत भिजलेला, पण कोट अंगात नाही… काखेतल्या पुठ्ठ्यांना पांघरलेला, तान्ह्याला पांघरावा तसा.

"बाळ झोपलंय का?" मी विचारलं.

"झोपतंय कुठलं! रात्रभर उडत असतं." त्यानं कोटाची कड उचलली. करड्या पंखांचा, लाल डोळ्यांचा एक वीर ब्रुकलिनच्या पुलावर पाय रोवून उभा. "हा रातबगळा. मी सॉल विनिक, याचा बाप."

"आणि आई?"

"अजून ठरायचीय," तो बोलून गेला— आणि कानापर्यंत लाल झाला.

सातव्या मजल्यावर गेल्बरसाहेबांची चित्रकथांची कचेरी. तिथे मी फुगे भरायची. चित्रातली माणसं जे बोलतात ते त्यांच्या तोंडापाशी शाईनं लिहायचं, एवढंच माझं काम. साहेबांनी त्याच दिवशी रातबगळा ठेवून घेतला. मग सॉलची पानं माझ्या टेबलावर येऊ लागली. फुग्यांत त्याची फिकट पेन्सिल, तिच्यावर माझी शाई, मग खोडरबर. अक्षरं झाली की चित्रांच्या शाईसाठी पानं परत त्याच्याकडे.

एप्रिलमध्ये एका चोराच्या तोंडी माझंच आडनाव वाचलं: "मिस लुबिन, शुक्रवारी चेरी-पाय खाणार?"

मी खाली पेन्सिलीनंच लिहिलं: "चोरांबरोबर मी जात नाही."

पुढच्या पानांत रातबगळाच छपरावरून वाकून विचारत होता, "मग माझ्याबरोबर?"

पंख असलेल्याला नाही कसं म्हणावं? गेले. चेरी भरलेला तो भाजका, गोड पाय खाताना सॉल बोलायचा फार, आणि बोलताना खायचा कमी. माझ्या बशीतलं मात्र बोट लावून चाखायचा. त्याला एकच हवं होतं. "मिन्ना, पहिल्या पानावर माझं नाव. एवढंसं. ते तूच लिहायचंस… तुझ्या हातानं."

"लिहीन की," मी म्हणायची.

जूनमध्ये साहेबांनी बोलावलं. "मिन्ना, तुझं अक्षर म्हणजे मोती. हा मजकूर लिहून दे, शिक्का करायचाय. चित्रकारांच्या चेकच्या पाठीवर मारायला."

चार ओळी होत्या. इथे सही करणारा आपलं चित्र, त्यातलं पात्र, पात्राचं नाव, सगळं कंपनीला कायमचं देत आहे. मी वाचलं. मला कळलंसुद्धा. पण हात पडला अक्षराचा… शेवटच्या ओळीतल्या 'आर' अक्षराला मी एक नाजूक शेपटी काढली, आणि स्वतःवरच खूश झाले.

त्याच शुक्रवारी सॉल बँकेच्या दारात चेक फडकावत आला. "वळ जरा, पैसे घ्यायला मागे सही लागते, आणि टेबल नाहीये."

"मी टेबल?"

"चार पायांचं नाही, पण चालेल."

चेक पालथा करून त्यानं माझ्या पाठीवर ठेवला. पातळ झग्यातून पेनाचं टोक फिरू लागलं.

"हलू नकोस गं!"

"गुदगुल्या होतायत… आटप!"

तो हसत होता. त्याच्या हसण्यानं माझी पाठ हलत होती, आणि पाठीवर त्याचं नाव उमटत होतं. त्याच्या वर, बारीक निळ्या शाईत, माझ्या चार ओळी होत्याच. त्यानं वाचल्या नाहीत. चेकची पाठ कोण वाचतं? शब्द माझ्या ओठांशी आला होता. म्हटलं, चेरी-पाय खाऊन झाल्यावर सांगू. मग म्हटलं, उद्या.

हिवाळ्यात रातबगळा रेडिओवर गेला, पोरांच्या टोप्यांवर बसला. सॉलचं नाव कुठेच नव्हतं. त्यानं मागितलं, तेव्हा ते पंख काढायचं काम दुसऱ्याच कुणाच्या हाती गेलं. तो वकिलाकडे गेला.

वकिलाची भेट झाल्यावर वसंतातल्या एका रविवारी तो आमच्या दारी आला. दुपारची वेळ, पायऱ्यांवर शेजारणी वाटाणे सोलत बसलेल्या. त्याच्या हातात त्या चेकच्या पाठीचा मोठा केलेला फोटो.

"ही शेपटी," तो हळूच म्हणाला. "अशी शेपटी या गावात एकच बाई काढते."

मी शाईची बोटं झग्यात लपवली.

"पोटासाठी लिहिलंस, त्याचा राग नाही मला. एवढंच सांग… मी सही करत होतो, तेव्हा तुला माहीत होतं?"

'नाही' म्हटलं असतं तर त्यानं मानलं असतं. मानायलाच आला होता तो.

"होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू हसत होतास, सॉल."

 त्यानं फोटोची घडी घालून खिशात ठेवली.

"अगं वेडे," तो म्हणाला, "सांगितलं असतंस, तर नंतरही हसलो असतो मी. तुझ्यासोबत."

शेजारणींनी वाटाण्यांची टोपली सरकवून त्याला वाट दिली. कोपऱ्यापर्यंत तो एकदाही थांबला नाही. मी मात्र हाक मारायला तोंड उघडून तशीच उभी राहिले… आणि त्याचं नाव, जे लिहायचं मी कबूल केलं होतं, ते माझ्याच्यानं उच्चारवलंही नाही.