तीनदा म्हणाली होती सोल्वाय

पहिल्या भेटीतच मी त्याच्यावर खेकसले. "अहो, टायरचे डाग तुडवताय तुम्ही!"

तो चटकन बाजूला झाला. भुरभुर पाऊस, मागे खाडीचं राखाडी पाणी. "ओस्लोची माणसं आधी नमस्कार नाही करत वाटतं?" म्हणत हसला... आणि लगेच नजर खाली घातली.

हा तोर्केल. छोट्या विमानतळाचा अग्निशामक. धावपट्टी किती ओली, हे मोजण्याचं कामही त्याचंच. मी सिनोवे, अपघाताची चौकशी करणारी. उद्योगपतीचं खासगी विमान फार वेगात, फार उंचावरून आलं, अर्धी धावपट्टी संपल्यावर टेकलं आणि थेट खाडीत गेलं. मालक, कॅप्टन आणि तरुण सहवैमानिक सोल्वाय, तिघंही गेले. सोल्वायला तोर्केलनेच पाण्यातून ओढलं होतं. ती त्याच्या हातांतच गेली.

आणि उद्योगपतीची कंपनी म्हणे, धावपट्टी निसरडी होती, तोर्केलने खोटी नोंद केली! असा संताप आला मला. त्याची नोंद अगदी बरोबर होती.

काही दिवसांनी त्याने विचारलं, "कॉफी घेणार?"

"चौकशी संपेपर्यंत तुमच्याकडचं पाणीसुद्धा चालत नाही मला."

"आणि संपल्यावर?"

"वर्ष लागेल."

"मला कुठे जायचंय!" मग हळूच म्हणाला, "सोल्वाय... विमानात शेवटी काही बोलली होती का?"

मी कॉकपिटमधलं ध्वनिमुद्रण ऐकलं होतं. एक शब्द फुटला असता, तर कंपनीने मला चौकशीतून काढायला लावलं असतं. मी मान फिरवली.

वर्षभर आमच्यात फक्त सरकारी पत्रं. 'धावपट्टी ओली आहे, मीही,' असं त्याने एकदा लिहिलं. मी ते निमूटपणे फायलीला लावलं... दहादा वाचून!

अहवालाचा मसुदा कंपनीकडे गेला तेव्हा तिचा वकील म्हणाला, "कॅप्टनचं ते एक वाक्य गाळा. मेलेल्या कॅप्टनची बदनामी होते."

"आणि जिवंत तोर्केलची? मेलेल्या सोल्वायची?" मी अक्षरही गाळलं नाही.

अहवाल जाहीर झाला त्या सकाळी मी स्वतः तिथे गेले. तोर्केलने ते पान उघडलं. सहवैमानिक तीनदा म्हणाली, 'उतरू नका, पुन्हा वर घ्या.' कॅप्टन म्हणाला, 'साहेबांना उशीर चालत नाही.'

त्याने ते पुन्हा वाचलं. "आणि तू वर्षभर गप्प!"

"बोलले असते तर हे वाक्य राहिलं नसतं."

"राग येतोय तुझा."

"येऊ दे. मी प्रेम करते तुझ्यावर."

त्याने डोळे पुसले. "मीही... केव्हापासून! पण आधी सोल्वायच्या आईकडे जाऊ. तिने हे एकटीने वाचायला नको."

बाहेर कंपनीची माणसं उभी होती. त्यांच्यादेखत मी त्याचा हात घट्ट धरला.