नव्या गुडघ्याची घाई

"ओ बाईंनू, माझो वॉकर घेऊन खंय चललास?"

शुभदाबाई दारातच थबकल्या. मालवणच्या फिजिओथेरपी केंद्रातला त्यांचा हा पहिलाच दिवस, आणि घरी पळायच्या घाईत त्यांनी भलत्याचाच वॉकर उचलला होता. तरीच मेला छातीपर्यंत येत होता! मागे भिंतीला धरून एक उंच, पिकल्या मिशांचे गृहस्थ उभे होते... आणि खुशाल हसत होते.

"माफ करा हं," बाई पुटपुटल्या. साठी जवळ आलेली, लग्न राहून गेलेलं, शाळेतून नुकत्याच निवृत्त झालेल्या — आणि या वयात असं लाजायला व्हावं म्हणजे काय गो बाई!

गृहस्थांचं नाव गुरुदास. खारेपाटणचे आंबा बागायतदार. बायको जाऊन आठ वर्षं झालेली. उजवा गुडघा बदलून मालवणात बहिणीकडे राहिले होते. बाईंचा डावा.

"म्हणजे दोघांची मिळान एक जोडी झाली," ते म्हणाले. बाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

बाईंना धीर म्हणून नव्हता. आडवं झालं की पाय शिवशिवायचा, बसलं की जीव वरखाली. व्यायाम शिकवणारी अक्षया दहा पावलं म्हणाली की या वीस टाकायच्या. तिसऱ्या आठवड्यात तर वॉकर सोडून थेट मासळी बाजार गाठला, आणि गुडघा टम्म फुगवून आल्या.

गुरुदासांनी बर्फाची पिशवी पुढे केली. "आंबो अढीत घालून रोज चेपून बघलास, तर तो पिकतलो? डागतलो!"

"मी आंबा नाही."

"मी खंय काय म्हटलंय..."

पिशवी घेताना बोटाला बोट लागलं. हात गार पडला, कान मात्र तापले!

त्या दिवसापासून बाई दहाच पावलं टाकू लागल्या. गुडघा सुधारला, पण जीव जास्तच बेचैन. शनिवारी गुरुदासांचा व्यायाम संपणार, ते गावी जाणार... बोलायचं कुणी? साठ पोरांचा वर्ग गप्प करणाऱ्या बाईंची जीभ टाळ्याला चिकटली होती.

शनिवारी गुरुदासांनी केंद्रातल्या देवाच्या फोटोपुढे नारळ ठेवला.

"काका, गाराणा घाला मां!" अक्षया म्हणाली.

गावच्या देवळात गाऱ्हाणं तेच घालायचे. एकाने देवाकडे मागायचं, बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. खुर्च्यांवरच्या सात-आठ गुडघेवाल्यांनी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! ह्या पोरीच्या हाताक असाच यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"हंय येणाऱ्या सगळ्यांका आपल्या पायांनी चालय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

गुरुदास थांबले. "ह्या शुभदाबाईंका... माझ्या घराची पायरी चढाची बुद्धी दी. आणि चढल्यार परत उतराची घाई तेंका कदीच होव नये, असा कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे सवयीने ओरडले... आणि काय बोलून बसलो ते कळताच चिडीचूप झाले. सगळ्यांच्या नजरा बाईंकडे. त्या एकट्याच काही बोलल्या नव्हत्या.

गुरुदासांचे जोडलेले हात तसेच. त्यांना मागे वळून बघायचा धीर होईना.

चारचौघांत कधी मालवणीचा शब्द न काढणाऱ्या शुभदाबाईंनी डोळे मिटले, आणि हळूच म्हणाल्या, "व्हय... म्हाराजा."