भिंतीतली फरशी

त्या दगडी घरातून निरोप आला तेव्हा गवंड्याने दोनदा नकार दिला. तिसऱ्या खेपेस मालकीणबाई स्वतःच दारात येऊन उभ्या राहिल्या. मग नाइलाजाने हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवून तो निघाला.

काम साधे होते. तळमजल्यावरची मागची खोली फार थंड पडे, ती ऊबदार करून द्यायची. तीन महिन्यांपूर्वी मालकाला पक्षाघात झाला होता. त्याची वाचा गेली होती, जिना चढणे कायमचे संपले होते, आणि डॉक्टरांनी बजावले होते की छातीला गारठा लागला तर तो हा हिवाळा काढणार नाही.

खोलीत पाऊल टाकताच गवंड्याच्या तोंडातून वाफ निघाली. मालक चार रजयांखाली पडून होता. उशाशी ठेवलेल्या पेल्यातल्या पाण्यावर बर्फाची पातळ साय धरली होती. मालकाची आणि गवंड्याची नजर एकदाच भेटली, आणि दोघांनीही ती वळवली.

"ही सासूबाईंची खोली," बाई म्हणाल्या. "शेवटी शेवटी त्यांना फार थंडी वाजायची. आम्ही म्हणायचो, म्हातारपणाची कुरकुर. वरची आमची खोली कशी छान गरम! आता कळतंय."

गवंड्याला सारे ठाऊक होते. ज्यांनी हे घर बांधले त्यांनी विचाराने बांधले होते. स्वयंपाकघरातल्या चुलीचा धूर दोन वाटांनी जाई. एक वाट या खोलीच्या पोकळ भिंतीतून फिरून छपरावर निघे, दुसरी वरच्या खोलीच्या भिंतीत शिरे. धुराबरोबर ऊबही दोन्हीकडे सारखी जाई. सतरा हिवाळ्यांपूर्वी मालकाने याच गवंड्याला बोलावून, हलक्या आवाजात सांगून, पहिल्या वाटेच्या तोंडाशी एक फरशी बसवून घेतली होती. सगळी ऊब वर गेली. त्याच हिवाळ्यात म्हातारी वारली. फरशीचे हे त्या दोघांनाच माहीत होते, आणि देवाला.

गवंड्याने चुलीमागचे दगड छिन्नीने मोकळे केले आणि फरशी उपसून काढली. चूल पेटवून त्याने मेणबत्ती वाटेच्या तोंडाशी धरली. ज्योत आत वाकली. हवेची ओढ चांगली होती. दगड पुन्हा बसवून, सांधे लिंपून तो अंगणात गेला. छपरावरच्या ज्या नळीतून सतरा वर्षे काहीच निघाले नव्हते, तिच्यातून धूर निघत होता. तो समाधानाने खोलीत परतला आणि त्याने भिंतीला तळहात लावला.

भिंत गारठलेलीच होती.

एक तास गेला. दुसराही गेला. धूर भिंतीतूनच जात होता, पण दगड तापेना.

"मिस्त्री, तुमचा हात नावाजलेला म्हणून दारात आले हो तुमच्या," बाई म्हणाल्या. "इथं पेल्यातला बर्फसुद्धा हटेना. भिंतीला पसंत नाही वाटतं तुमचं काम."

"जरा ऐकून बघतो." त्याने भिंतीला कान लावला.

"बघा, बोलली तर माझाही नमस्कार सांगा."

आत धुराचे सूं सूं होतेच. पण त्याच्या खाली दुसराही एक आवाज होता. कोरडा, संथ... थांबून पुन्हा सुरू होणारा. कोणीतरी थंडीने तळहातावर तळहात चोळत होते.

आणि जी दुपार तो सतरा वर्षे टाळत आला होता, ती त्याच्यापुढे उभी राहिली. फरशी बसवून तो हात धूत होता. म्हातारी काठी टेकत आली. "माझ्या भिंतीचं काम करतोस ना, बाळा? देव तुझं भलं करो," ती म्हणाली. आणि त्याने उत्तर दिले होते, "हो, आई."

हातून घडलेल्या अन्यायापुढे माणूस मालकाच्या हुकमाची ढाल धरतो. आशीर्वाद घेऊन बोललेल्या असत्यापुढे धरायला त्याच्याजवळ काही नसते.

तो पलंगाशी गेला. "मालक... सांगू का?"

मालकाने डोळे मिटले. मग त्याची मान किंचित, पण स्पष्ट हलली.

गवंड्याने बाईंना सर्व सांगितले. काही गाळले नाही, स्वतःसाठी काही मागितले नाही. बाई हळूहळू खुर्चीत बसल्या.

"आणि मी वर... गरम होतंय म्हणून शाल काढून ठेवायची," त्या पुटपुटल्या.

गवंडी भिंतीकडे वळला आणि त्याने तिच्यावर तळहात ठेवला. "आई, त्या दिवशी मी खोटं बोललो. तुझी ऊब मी चोरली... तुझा आशीर्वादही."

"आ..." पलंगावरून आवाज आला. तीन महिन्यांत प्रथमच मालकाचे ओठ हलत होते. "आ... ई..."

चोळण्याचा आवाज थांबला. पेल्यात टक् झाले. बर्फाला तडा गेला होता. गवंड्याच्या तळहाताखाली दगडाला आधी कोमटपणा आला, मग ऊब, आणि दिवस मावळेपर्यंत बाईंनी चारांतल्या दोन रजया घडी करून ठेवल्या. मालक लहान मुलासारखा झोपला होता. त्या रात्री प्रार्थनेला बसताना गवंड्याचे मन कोठेही अडखळले नाही.

आठ दिवसांनी लिंपण वाळले का, हे पाहायला तो गेला. बाई हसतच सामोऱ्या आल्या.

"डॉक्टर म्हणाले, धोका टळला! सकाळी यांनी तोंडानं पाणी मागितलं. आणि तुमच्या कामाला तर तोडच नाही, मिस्त्री. राख काढायची म्हणून कालपासून चूल पेटवलेली नाही, तरी भिंत गरमच!"

"कालपासून?"

"हो. दगड चांगला दिसतो."

कोणताही दगड इतका वेळ ऊब धरत नाही, हे गवंड्याला माहीत होते. बाई पाणी आणायला गेल्या. त्याने भिंतीवरून तळहात फिरवला. भिंत थंड होती. एकाच जागी ती ऊबदार लागली. जमिनीपासून खांद्याइतकी उंच, आणि रुंदीला एका म्हातारीची पाठ टेकेल एवढीच.

त्याने हात काढला आणि पुन्हा ठेवला.

जागा थंड होती. ऊब वीतभर पलंगाकडे सरकली होती.