पाचवी फांदी

एक काम करा. तुम्ही किनाऱ्यावर बसला आहात अशी कल्पना करा. समोर ओल्या वाळूचा एक मोठा गोळा आहे आणि त्यावर एक जड दगड ठेवलेला आहे. आता गोळ्यातली वाळू चिमूट चिमूट काढायला लागा. प्रत्येक चिमटीला विचारायचं, दगडाचं ओझं तुझ्यावर येतंय का? नाही म्हणाली तर तिला काढून टाकायचं. हो म्हणाली तर राहू द्यायचं. शेवटी जे उरेल ते विचित्र दिसेल, हाडासारखं किंवा झाडाच्या मुळासारखं. पण त्यात एक कणसुद्धा फुकटचा नसेल.

हे काम आता कॉम्प्युटर करतो. आगरदांड्याच्या नलूला ते तिच्या मृणालआत्यानं असंच समजावलं होतं, घराच्या ओटीवर लॅपटॉप उघडून. मृणाल नवी मुंबईत यंत्रांचे भाग डिझाइन करायची. या खेपेला ती सुट्टी काढून आली होती ती घरच्या बोटीसाठी.

बोटीच्या काठाशी एक कप्पी असते. तिच्यावरून जाळ्याचा दोर हातांनी आत ओढतात. ती कप्पी धरून ठेवणारा ब्रॅकेट गेल्या हंगामात भर समुद्रात मोडला आणि दोरासकट नलूच्या बाबांना, कान्हाला, घेऊन गेला. बाबा सापडले नाहीत. सापडले नाहीत म्हणून त्यांचे दिवसही केले नव्हते. नलूची आई अजून मंगळसूत्र घालून मासळी विकायला बसायची.

त्यांच्या बोटीवर एक रीत होती. जेट्टीचा दोर सोडण्याआधी तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, मोठ्यानं माणसं मोजायचा. मोजलेलं माणूस परत आणायचं, ही त्याची जबाबदारी. बाबांनंतर त्यांचा धाकटा भाऊ सुजित तांडेल झाला होता, आणि तो अजूनही बाबांना धरूनच मोजायचा. खलाशी ऐकून घ्यायचे.

आता मासेमारीची बंदी उठली होती. नवा ब्रॅकेट टिकला नाही, तर या वेळी त्या दोरामागे सुजितकाका उभा असणार होता. नलूला बाकीचं गणित कळत नव्हतं, पण एवढं पक्कं कळत होतं.

"दादा, दोर किती जण ओढता?" मृणालनं विचारलं.

"पाच," सुजित जाळं सांधता सांधता म्हणाला. "आमी पाच जनं."

मृणालनं तेवढा भार भरला. बोल्ट कुठे आहेत ते हिरव्या रंगात दाखवलं. माणसांना आणि जाळ्याला लागणारी जागा लाल केली; तिथे वाढायचं नाही. मग दोघी बघत बसल्या. पडद्यावर एक ठोकळा हळूहळू झिजत गेला आणि चार बोल्टांकडे जाणाऱ्या चार वाकड्या फांद्या उरल्या.

"चिंबोरीसारखा दिसतोय," नलू म्हणाली.

"इतक्या कमी पायांची? अर्धी कुणीतरी आधीच खाल्लेली दिसते."

नलू हसली. मृणालही हसली, पण तिची नजर पडद्यावरच्या आकड्यावर अडकली होती.

"तू, विनेश, साहिल, स्वप्निल. पाचवा कोण, दादा?"

सुजितच्या हातातली सुई थांबली.

"आता चार म्हणायला शीक," मृणाल हळू आवाजात म्हणाली. "वहिनीसाठी तरी."

"तुला काय लिवायचं ते लिव, बाय." सुजितनं जाळं खांद्यावर टाकलं आणि तो जेट्टीकडे निघून गेला.

मृणालनं पाचाचे चार केले.

ठोकळा पुन्हा झिजला. चार फांद्या दिसू लागल्या. आणि मग पाचवी दिसली. ती कुठल्याच बोल्टकडे जात नव्हती. ती बोटीच्या काठावरून बाहेर, पाण्याच्या बाजूला जात होती आणि हवेत संपत होती.

"भार कमी केला," मृणाल स्वतःशीच म्हणाली, "तर भाग बारीक व्हायला हवा. हा वाढला कसा?"

तिनं सगळे आकडे तपासले. चूक सापडली नाही. कॉम्प्युटर एकाऐवजी दहा आकार देतो, तेही मागवून पाहिले. दहाही एकमेकांपेक्षा वेगळे होते. पाचवी फांदी मात्र प्रत्येकात होती, त्याच जागी, त्याच लांबीची. मृणालनं फांदीची वाट लाल केली. फांदीनं लाल जागेला वळसा घातला आणि पुन्हा तिथेच येऊन थांबली. शेवटी मृणालनं ती पडद्यावरच छाटली आणि ताकद तपासली. जुना ब्रॅकेट जिथे मोडला होता, नेमका तिथेच नवा मोडत होता.

"आत्या, ओझं नसेल तिथली वाळू काढून टाकतात ना?"

"हो."

"मग तिथे ओझं कुणाचं आहे?"

मृणाल पुन्हा आकडे चाळू लागली.

"परत पाच कर की," नलू म्हणाली.

"नाही." मृणालनं पदरासारखी ओढणी गच्च खोचली. "नसलेलं माणूस धरून मी काही बनवणार नाही, नलू. फांदी राहू दे. कुणाला त्रास नाही तिचा."

नवी मुंबईच्या कारखान्यात धातूची भुकटी थरावर थर वितळवून तो भाग तयार झाला. खोक्यातून काढला तेव्हा फांदीच्या टोकाला उथळ खळगे दिसले. पडद्यावर ते लाटांसारखे वाटले होते.

निघायच्या दिवशी दुपारी भरती होती. बोट जेट्टीला लागून डुलत होती. समोरच्या दिघीची फेरीबोट माणसं भरून गेली, तिच्या लाटांनी सगळ्या होड्या एकमेकींवर आपटल्या. सुजितनं ब्रॅकेट बसवला, दोर ओढून पाहिला. घट्ट होता. पाचवी फांदी काठाबाहेर पाण्यावर आली होती.

"काय गो ही तुझी फॅशन," तो मृणालला म्हणाला. "जालं अडकंल हितं."

"कापू नकोस. काही झालं तरी कापू नकोस."

तिचा चेहरा बघून त्यानं पुढे चेष्टा केली नाही.

नलू बोटीवरच होती. तिनं काठावरून वाकून फांदीचं टोक धरून पाहिलं. बोटं खळग्यांत बसेनात. अंगठ्याची जागा उलट्या बाजूला होती.

"ए पोरी, उतर आता. न्हायतर दिघीला पोचशील."

नलू उतरली, पण जेट्टीवर गेली नाही. बोटीच्या बाहेरच्या अंगाला, पाण्यातल्या खांबाला एक छोटी होडी बांधलेली होती, तिच्यात उतरली. खालून तिनं हात वर केला आणि फांदी धरली.

बोटं आपापल्या खळग्यांत गेली.

म्हणजे हे धरणारं माणूस बोटीत नव्हतं. ते पाण्यात होतं.

खळगे तिच्या बोटांपेक्षा खूप मोठे होते. चार लांब होते. मधला अर्ध्यावरच थांबला होता.

बाबांचं मधलं बोट दोरात सापडून अर्धं तुटलं होतं. ते त्याला अर्धा पाव म्हणायचे. त्या अर्ध्या पावानं गुदगुल्या करायचे.

धातू उन्हात तापलेला होता. खळगे मात्र गार होते, आणि ओले.

नलू हलली नाही. फांदी धरणाऱ्याला वर यायचं आहे की बोट खाली न्यायची आहे, हे खळग्यांवरून कळत नव्हतं.

वर इंजिन सुरू झालं. सुजितकाकाचा आवाज आला. तो मोजत होता.

"एक. दोन. तीन."

तो थांबला. जेट्टीवर मृणालआत्या उभी होती. त्यानं तिच्याकडे पाहिलं असणार.

"चार," तो म्हणाला. "सोडा दोर."

फांदी नलूच्या हातात किंचित खाली झुकली.

"पाच," नलू म्हणाली. मोठ्यानं नाही. वरच्या कुणालाही ऐकू गेलं नसेल.

मग तिनं आपला हात फांदीवरून काढून घेतला, होडीच्या दुसऱ्या टोकाला सरकून बसली, आणि जागा करून दिली.