वाढा, मावशी

आधीच सांगतो, ह्यात माझा हात नाही.

गिरणीत माझ्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, ते बरोबरच आहे. जॉबरच्या, म्हणजे आमच्या मुकादमाच्या, डब्यात जिवंत कुर्ली सोडणारा मीच. कुशाबाच्या धोतराला लवंगी माळ बांधणारा पण मीच. पण हे माझं काम नाही. आईच्यान!

लालबागची आमची चाळ, दुसरा मजला. साल अठ्ठावन्न. अमावास्या-बिमावास्या काही नव्हती. दिवाळी नुकती सरलेली, साधा रविवार, भर दुपार.

जिन्याजवळच्या खोलीत बकुळामावशीची खाणावळ. गिरणीतली एकटी पोरं तिथे जेवायची. मावशीला एक खोड. पळी टोपाच्या काठावर तीनदा आपटायची, मग वाढायची.

टक. टक. टक.

'पुरे' म्हटलेलं तिला ऐकू यायचं नाही. ताटावर हात आडवा धरला, तरच थांबायची. आणि ताटात अन्न टाकलेलं तिला खपायचं नाही.

छप्पन साली मुंबईसाठी रान पेटलं. बाजार बंद, रस्त्यावर गोळीबार. खोलीत पोरं उपाशी. एकजण सारखा मागे लागलेला, "मावशी, निदान भात तरी टाका हो."

मावशी पिशवी घेऊन उतरली. तांदूळ मिळाले. येताना नाक्यावर गोळी लागली.

सांडलेले तांदूळ लाल झाले होते. मी बघितलेत.

तो भात मागणारा म्हणजे माझा मेहुणा, रमाकांत.

पोटाला कारकून, पण डोक्यात लेखक. भुताखेतांच्या गोष्टी लिहितो. यंदा त्याचं पहिलं पुस्तक आलं, सगळ्या गोष्टी एकाहून एक काळ्या. पहिलीच गोष्ट खाणावळवाल्या बकुळेची. आमटीत विष कालवून एकेक गिऱ्हाईक मारते. नाव तेच, चाळ तीच. पळी आपटणं पण तेच!

पुस्तक धडाधड खपलं.

मावशीची पोरगी नलू आता खाणावळ चालवते. आधी तिची मस्करी सुरू झाली, "नलू, आमटी तू आधी चाख गं!" मग हळूहळू माणसंच येईनाशी झाली.

म्हणून मी शक्कल काढली. रमाकांतलाच तिथे जेवायला बसवायचा, दार सताड उघडं टाकून. खुद्द लेखक जेवतोय म्हटल्यावर चाळीची भीती जाईल.

फुकट जेवण म्हटल्यावर गडी आला. हातात दुसऱ्या आवृत्तीची प्रुफं. दारात बायापोरांची ही गर्दी!

नलूनं ताट मांडलं. म्हणाली, "रमाकांतदादा, त्या गोष्टीतून आईचं नाव तेवढं काढा हो. चूल विझायची वेळ आलीय."

"नाव काढलं तर लोकांना भीती कसली वाटणार?"

"अरे, तिच्या हातचं गिळलंस ना तू?" मी म्हटलं.

"भावोजी, तुम्ही गिरणीतले साचे चालवा. लेखनाचं माझं मी बघतो."

नलू उठली. चुलीशी जाऊन भाकरी थापायला लागली.

रमाकांत प्रुफांत डोकं घालून जेवत होता. ताटातला भात संपला. जुनी सवय, मान वर न करता तो म्हणाला, "वाढा, मावशी."

दारातली कुजबुज थांबली. स्वतःच्याच बोलण्याला तो हसला.

आणि मग...

टक.

मी चुलीकडे बघितलं. नलूचे दोन्ही हात पिठात होते.

टक...

टोपावर झाकण होतं.

टक...

रमाकांतचं ताट भरलेलं. भातातून वाफा निघत होत्या.

"भावोजी, तुमचे चाळे पुरे करा," तो म्हणाला आणि जेवला. मीच काहीतरी केलं असं त्याला वाटलं. मलाही वाटलं असतं.

टक. टक. टक.

ताट पुन्हा भरलं.

"नलू, पुरे गं."

"मी कुठे वाढलं, दादा?"

तो उठायला गेला. उठता येईना. मी बगलेत हात घालून ओढला, तर पाटासकट जड. जसा काही पुरलाय जमिनीत.

टक. टक. टक.

आता भात लालसर दिसायला लागला...

"दादा, हात आडवा धरा!" नलू ओरडली. "आई हातालाच थांबते!"

त्यानं उजवा हात ताटावर आडवा धरला.

खाली नळावर कुणी कळशी आपटली, तेवढंच ऐकू आलं.

मग...

टक. टक. टक.

पळी दिसली नाही. वाढणारा हात दिसला नाही. दिसली ती फक्त धार. कढत आमटीची, त्याच्या बोटांवर.

हात आडवाच होता.

तरी ती थांबली नाही.

नंतर मी टोपाचं झाकण काढलं. आत थेंब नव्हता.

प्रुफांचा लगदा झाला. रमाकांतची बोटं एकमेकांना चिकटली, पेन धरत नाहीत. आणि नलूची खाणावळ? पंगत जिन्यापर्यंत जाते! "मावशी आहे पोरीच्या पाठीशी," असं म्हणतात. ताटात कुणी शीत टाकत नाही. न बघता 'वाढा' तर कुणीच म्हणत नाही.

मला वाटलं, फिटलं.

रमाकांत सध्या आमच्याकडेच असतो. डाव्या हातानं पाटीवर अक्षरं गिरवतो. काल मी मागून डोकावलो. पोरासारख्या वाकड्या अक्षरात एकच शब्द, पाटीभर.

बकुळा.

"गोष्टीतून नाव काढणार नाही मी," तो म्हणाला.

आज दुपारी आम्ही दोघंच जेवायला बसलो. बायको नळावर गेलेली. रमाकांतनं डावा हात ताटाजवळ टेकवला, आणि आमच्या चुलीकडून आवाज आला...

टक.

एकदाच.

संध्याकाळ झाली. चाळीत सगळे म्हणतायत, वसंता, ही तुझीच मस्करी.

मी चुलीकडे तोंड करून बसलोय. अजून दोन राहिलेत.