दादासाठी टागालोग

हैदराबादच्या कोठी भागातल्या उसाच्या रसाच्या गाड्यापुढे मी एकटीच बोलत उभी होते. एप्रिल संपत आला होता, डोक्यावर ऊन रणरणत होतं, आणि ओढणीत तोंड लपवून मी तेच एक वाक्य घोकत होते — "मागांदांग उमागा पो... मागांदांग उमागा पो..."

"हापोन."

मी दचकून मागे वळले.

"दुपारचे दोन वाजलेत. उमागा म्हणजे सकाळ. आत्ता 'मागांदांग हापोन' बोलायचं."

हे चक्क मराठीत! म्हणजे हैदराबादी मराठीत. एक तरुण, हातात रसाचा ग्लास, कपाळावर घाम आणि चेहऱ्यावर फुकटचा शहाणपणा.

"तुम्हाला कसं माहीत?"

"तेस मॅडमच्या क्लासला मी पण येतो ना. तुम्ही पहिल्या बाकावर, मी शेवटच्या. तुम्ही मागे बघतच नाही, तर दिसणार कसा?"

"मी तिथे शिकायला येते. मागे बघायला नाही."

"हौ, ते कळलं," तो हसला. "केदार."

"प्रणिता," एवढंच म्हणून मी रस संपवला आणि निघाले. वीस पावलांवर जाऊन मागे वळून पाहिलं, हे मात्र खरं. तो अजून तिथेच होता.

आता देगलूरच्या मुलीने बी.कॉम.ची शेवटची परीक्षा देऊन उन्हाळ्यात हैदराबादेत फिलिपिन्सची टागालोग भाषा कशाला शिकायची, ते सांगते. माझा भाऊ शिवराजदादा कतारला एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे. तिथल्याच मारीबेल नावाच्या फिलिपिनो नर्सवर त्याचा जीव जडला. आमच्या घरात जातीबाहेरचं लग्नही कधी झालं नव्हतं, दादा थेट देशाबाहेर गेला. अप्पांनी महिनाभर त्याचा फोन घेतला नाही. मग कसेबसे नरमले, तर मारीबेलच्या आईचा निरोप आला, की आमच्यात मुलाकडची मोठी माणसं स्वतः बोलून मुलगी मागतात. आधी व्हिडिओ कॉलवर समोरासमोर मागा, मग डिसेंबरात आमच्या घरी या. नाहीतर लग्न नाही.

"मुलाकडच्यांनी मागायची?" अप्पा कडाडले. "आन् बोलायचं कुण्या भाषेत? मुक्यावानी बसू तिच्यापुढं?"

त्या बाईंना इंग्रजी बाजारापुरतं येत होतं आणि अप्पांना तेवढंही नाही. दादाने मध्ये बोललेलं अप्पांना नको होतं, कारण तो आपल्याच बाजूने फिरवून सांगणार. तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "मी बोलेन. तिच्या आईच्या भाषेत."

अप्पा माझ्याकडे वळले. "आठ आठवडे देतो. मी म्हणीन ते तिला सांगायचं, ती म्हणेल ते मला. गाळायचं न्हाई, लपवायचं न्हाई. अडखळून बसलीस तर विषय बंद."

म्हणून मी जामबागला सत्यवतीआत्याकडे आले. तिच्या घरापासून चार गल्ल्यांवर तेस मॅडम राहायच्या. त्या मूळच्या मनिलाच्या, लग्न करून इथल्या झालेल्या. मेडिकलसाठी फिलिपिन्सला जाणाऱ्या पोरांना त्या भाषा शिकवायच्या. केदारला मात्र ऑफिसने पाठवलं होतं. तिकडच्या ग्राहकांच्या तक्रारींना उत्तरं द्यायचं त्याचं काम होतं.

दुसऱ्या आठवड्यात तो शेवटच्या बाकावरून माझ्या शेजारी आला. माझी वही पाहून म्हणाला, "सगळं मराठीत लिहिता? मला मराठी वाचायला येत नाही नीट... घरी बोलतो, पण शाळा तेलुगू आणि इंग्लिशची."

"मग माझ्या वहीत डोकावू नका."

"डोकावत कुठे? अक्षर बघतोय. छान आहे." मग जरा थांबून, "तुमचं 'क' आणि 'फ' मला सारखंच दिसतं, पण छान आहे."

मला हसू आलं. मी ते दाबलं, पण त्याने पाहिलंच.

त्या दिवशी तेस मॅडमनी जुन्या काळची गोष्ट सांगितली. त्यांच्या गावाकडे म्हणे मुलाला मुलगी आवडली, की तो तिच्या घरी राबायला जायचा. लाकडं फोडायची, पाणी भरायचं. प्रेमाबिमाचं बोलणं नंतर. आधी घरच्यांनी बघायचं, की पोरगा कामाचा आहे का. सगळा वर्ग हसला. केदार तेवढा हसला नाही. तो लिहून घेत होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी आत्याचा आवाज आला, "प्रणिता, बाहेर ये गं! कोण आलाय बघ, तुझ्या क्लासातला म्हणतोय!"

आत्याच्या इमारतीची मोटर आठवडाभर बंद होती. दुसऱ्या मजल्यावर पाणी चढत नव्हतं. दारात केदार उभा होता, दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या आणि शर्ट अर्धा भिजलेला.

"खाली नळाला पाणी आलंय, आत्या. कूलरमध्ये टाकू की पिंपात?"

"अरे बाबू, तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. इकडूनच चाललो होतो... मोकळाच होतो."

तो अकरा फेऱ्या करून गेला. मी मोजल्या. आत्या कूलरपुढे बसून म्हणाली, "किती गुणाचं पोर!" आणि मला वाटलं, गुणाचं कसलं, चोर आहे. मला सगळं कळलं होतं आणि कळूनही मी काही म्हणू शकत नव्हते. तो बोललाच नव्हता ना काही!

मग मोटर दुरुस्त झाली, तर आत्याच्या तिखट-मसाल्याचा हंगाम निघाला. बेगम बाजारातून पंधरा किलो मिरची, हळकुंडं, धणे. पोतं खांद्यावर घेऊन केदार जिना चढला आणि गच्चीवर पोहोचेपर्यंत शिंकून शिंकून त्याचे डोळे लाल झाले.

"सोसत नाही तर कशाला आणता?" मी त्याला ओला रुमाल दिला.

"सोसतं की. हल्लू हल्लू सवय होईल." रुमाल डोळ्यांवर धरूनच तो म्हणाला. "प्रणिता... तुम्हाला कळलंय ना, मी हे का —"

"थांबा."

तो थांबला. गच्चीभर लाल मिरची पसरलेली होती, घसा खवखवत होता, आणि मला स्वतःचाच राग येत होता. मला तो आवडत होता. सरळ सांगायचं तर फार आवडत होता. त्याचं वाकडंतिकडं मराठी, शब्द शोधताना कानाची पाळी ओढायची सवय, सगळंच.

"मी इथे दादासाठी आलेय," मी म्हटलं. "पंधरा जूनला मला अप्पांच्या शेजारी बसून बोलायचंय. त्याआधी त्यांच्या कानावर काही गेलं, की पोरगी भाषा शिकायला गेली आणि पोरगा शोधून आली, तर दादाचं लग्न गेलं. तुम्ही जुन्या वकिली घरातले, आम्ही शेतकरी. जात वेगळी. माझ्या घराला एका वेळी एकच वादळ सोसेल. तेव्हा माझं बोलणं होईपर्यंत... एक शब्द नको."

त्याने रुमाल खाली घेतला. "एक पण नाही?"

"एक पण नाही."

"आणि पाणी?"

"पाणी... चालेल."

"बस्स. मग काही परेशानी नाही," असं म्हणून तो मिरच्या पसरायला बसला.

त्याने शब्द पाळला. उरलेले चार आठवडे तो रोज संध्याकाळी क्लास सुटल्यावर मला तास तास प्रश्न विचारायचा. डोक्यावर टॉवेल घेऊन मारीबेलची आई व्हायचा. मुलगा किती कमावतो? दारू पितो का? माझी पोरगी भाकरी खाऊन राहील का? मी चुकले की पहिल्यापासून. मी एकदा रडकुंडीला येऊन वही फेकली, तर त्याने ती उचलून झटकली आणि टागालोगमध्ये तोच प्रश्न पुन्हा विचारला. मी डोळे पुसून उत्तर दिलं. जिंकायचंच होतं मला. झोपेतही मी वाक्यं जुळवत होते, असं आत्या सांगते.

पंधरा जूनला रविवार होता. अप्पा आदल्या दिवशीच्या बसने आले, कडक इस्त्रीचं धोतर नेसून तेस मॅडमच्या हॉलमध्ये ताठ बसले. केदार लॅपटॉप जोडायला आला होता. मॅडमना त्यातलं काही जमत नव्हतं, हे खरंच होतं. मी अप्पांच्या उजव्या हाताला बसले.

पडद्यावर मारीबेलची आई आली, लहानखुरी, चष्मा लावलेली. मागे तिच्या तीन बहिणी दाटीवाटीने बसलेल्या. मी नमस्कार केला, अप्पांची ओळख करून दिली. पहिली दहा मिनिटं छान गेली. शेती, पाऊस, दादाची नोकरी, सगळं केदारने घोटून घेतलेलं होतं. मग त्या बाईंनी चष्मा काढला आणि शांतपणे एक प्रश्न विचारला. तो आमच्या कुठल्याच सरावात नव्हता.

मी अप्पांकडे वळले. "त्या विचारतायत, माझी मुलगी तुमच्या घरी आजारी पडली, तापात बरळायला लागली, तर तिच्याशी तिच्या भाषेत कोण बोलेल?"

अप्पांनी पडद्याकडे पाहिलं. कूलर घरघरत होता. मग ते सावकाश बोलले, "सांग तिला. सध्या घरात बोलणारी एकच हाय, ही माझी लेक. पण लेक काय जन्मभर माझ्या घरी राहायची न्हाई. म्हणून मी शिकीन. साठीला आलोय, जीभ जड झालीय. पण हिनं आठ आठवड्यांत शिकलं, तर मी आठ वर्षांत तरी शिकीनच की."

मी तोंड उघडलं आणि शब्दच निघेना. महिनाभर दादाचा फोन न घेणारे माझे अप्पा हे बोलत होते! एक क्षण गेला, दुसरा गेला. अप्पांची मान माझ्याकडे वळली. केदार लॅपटॉपच्या मागे उभा होता. त्याला वाक्य येत होतं, त्याच्या ओठांवर मला ते दिसत होतं. पण त्याने ओठ घट्ट मिटून घेतले आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं. तुलाच जमणार आहे, असं त्या नजरेत होतं.

मी श्वास घेतला आणि सांगितलं. साठीपासून आठ वर्षांपर्यंत, काही न गाळता.

त्या बाई रडल्या. बहिणी रडल्या. मग डोळे पुसत त्या म्हणाल्या, "डिसेंबरात या. दार उघडं आहे."

"झालं?" अप्पांनी विचारलं.

"झालं, अप्पा. दिली त्यांनी मुलगी."

अप्पांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी वर पाहिलं तर केदार लॅपटॉपच्या मागून पुढे आलेला. कानाची पाळी ओढत, लालबुंद होऊन. माझं बोलणं संपलं होतं, म्हणजे त्याची मुदतही संपली होती. तो अप्पांसमोर उभा राहिला, हात जोडले, आणि... त्याच्या तोंडून मराठी फुटेचना. आठ आठवडे ज्या भाषेत मुलगी मागायचा सराव चालला होता, त्याच भाषेत तो बोलला. थांबत, चुकत, पण पूर्ण बोलला.

लॅपटॉप बंद करायचा राहूनच गेला होता. पलीकडे चार बायका एकदम किंचाळल्या. एक मावशी टाळ्या वाजवत उठली, दुसरीने मारीबेलच्या आईला मिठी मारली. तेस मॅडमनी पदर तोंडाला लावला. खोलीत आणि समुद्रापलीकडे सगळ्यांना कळलं होतं, फक्त अप्पांना सोडून.

"ह्या बायांना काय झालं? आन् काय म्हणायलाय ह्यो?" ते माझ्याकडे वळले. "सांग की."

सांगता आलं असतं, की तो अभिनंदन करतोय. त्यांनी विश्वासही ठेवला असता. पण मी मान खाली घातली नाही.

"हे म्हणतायत... माझं नाव केदार. जामबागलाच आमचं घर आहे. जात वेगळी आहे, ते मला माहीत आहे. तरी मला तुमच्या मुलीचा हात मागायचाय. आई-वडिलांना घेऊन तुमच्या घरी देगलूरला येऊ का? तुम्ही बसा म्हणेपर्यंत मी उभा राहीन. आणि मुलीला विचारलंत तर तीही हो म्हणेल."

अप्पा केदारकडे बघत राहिले. मग माझ्याकडे.

"हे शेवटचं," त्यांनी हळूच विचारलं, "ते पण तोच म्हणला?"

"नाही, अप्पा," मी म्हटलं. "ते माझं."