मुदत नसलेलं पाकीट

विश्वास ठेवाच, असा माझा आग्रह नाही. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मीही हसले असते. पण हे माझ्याच टेबलावर घडलंय, आणि पोटासाठी त्याच टेबलावर मला रोज बसावं लागतं.

ठिकाण जुबेई, तैवान. मागच्या वर्षीचा जुलै. वार बुधवार.

रात्र नव्हती. दुपारचे बारा पन्नास झाले होते. ही वेळ लक्षात ठेवा.

मी सुनीती. मूळची साताऱ्याची, पण तेरा वर्षं इथेच. कारखान्यातल्या तपासणी यंत्रांसाठी आमची छोटी कंपनी सॉफ्टवेअर बनवते. लिहिलेला सगळा कोड जोडून त्याचं चालतं सॉफ्टवेअर करायचं, त्याला आम्ही बिल्ड म्हणतो. आमचा बिल्ड कंटेनरमध्ये होतो.

कंटेनर म्हणजे संगणकाच्या आतली एक बंद खोली समजा. बिल्ड सुरू झाला की नवीकोरी खोली उभी राहते. बिल्डच्या अवजारांना लागणारे शेकडो छोटे भाग एकेक करून आत येतात. काम होतं. तयार माल बाहेर काढतात आणि खोली पाडून टाकतात.

पुढच्या वेळी पुन्हा नवी खोली. तिला आधीचं काहीही आठवत नाही.

हे असं दिवसातून चाळीस वेळा.

पूर्वी हे नव्हतं. पूर्वी एक जुनं मशीन होतं आणि ते सांभाळायला कुनदादा होते. पंग शेंग-कुन. सेहेचाळीस वर्षांचे, अंगाने बारीक, कामाला वाघ. सर्व्हरच्या खोलीत शिरताना दारावर तीन टिचक्या मारायचे.

"आत कोण आहे, दादा?" मी चिडवायचे.

"कुणी नाही. पण असलंच, तर बिचारं दचकायला नको."

घड्याळ वापरायचे नाहीत. संध्याकाळ झाली की दर दहा मिनिटांनी विचारायचे, "किती वाजले गं? बायको जेवायची थांबलीय." शिऊवहिनी त्यांच्याशिवाय जेवायच्या नाहीत, हे सगळ्या ऑफिसला पाठ होतं.

त्या आधीच्या जुलैत, एका गुरुवारी सात वाजता ते निघाले आणि लिफ्टपुढे कोसळले. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

त्यांच्यामागे ते मशीनही रुसलं. रोज बिल्ड अडायचा. कुठे काय ठेवलंय हे एकट्या दादांनाच माहीत. शेवटी ऑगस्टमध्ये मी सगळं कंटेनरमध्ये हलवलं.

आता इथली एक रीत सांगते. इथे प्रत्येक सर्व्हरवर मक्याच्या खाऊचं हिरवं पाकीट ठेवतात. त्या खाऊच्या नावाचा अर्थच 'शहाण्यासारखं वाग'. पाकीट हिरवंच हवं. ते कुणी खायचं नाही. वर मार्करने मशीनचं नाव लिहायचं, आणि मुदत संपायच्या आत पाकीट बदलायचं. मोठमोठे इंजिनिअर ठेवतात, कुणीही हसत नाही.

पण कंटेनरवर पाकीट ठेवणार कुठे? त्याला ना टप, ना कप्पा.

म्हणून मी शहाणपणा केला. खोली ज्या साच्यातून उभी राहते, त्या साच्याच्या अगदी तळाशी एक छोटी फाइल ठेवली. तिच्यात अक्षरं जुळवून पाकिटाचं चित्र काढलं. खाली एक ओळ लिहिली.

'कुनदादा, इथेच थांबा. लक्ष ठेवा.'

तो इथला भूतांचा महिना होता, आपल्या पितृपक्षासारखा. खाली ऑफिसच्या दारात नैवेद्याची टेबलं मांडली होती. मला वाटलं, आपण दादांना मान दिला.

त्या दिवसापासून बिल्ड एकदाही अडला नाही. अकरा महिने. एकदाही नाही. आमचे मालक लिआव साहेब तर इतके खूश झाले, की तो साचा त्यांनी इंटरनेटवर बाहेरच्या कुणालाही फुकट उतरवून घ्यायला ठेवला.

एकच गोष्ट खटकायची…

आत यायचे भाग होते ९१२. यादीत मोजणी यायची ९१३.

शेवटच्या भागाला नावच नसायचं. नुसती कोरी ओळ.

मी सोडून दिलं. चालत्या गाडीला खीळ कशाला घाला?

त्या बुधवारच्या आठवड्यात, सोमवारी, शिऊवहिनी ऑफिसात आल्या. हातात खारवलेल्या मुळ्याची बरणी. बसल्या, पाणी प्यायल्या आणि एकदम म्हणाल्या, "हे येत नाहीयेत गं."

मला कळेना.

"रविवारी वर्षश्राद्ध आहे," त्या म्हणाल्या. "यांच्या धूपदाणीतली राख पूर्वजांच्या धूपदाणीत मिसळायची. मग हे घरचे झाले. पण शंभराव्या दिवशी पान वाढलं, ठोकळे टाकले, विचारलं, आलात का? नाही. नव्या वर्षाला विचारलं, तेव्हाही नाही. सासूबाई म्हणतात, जो आलाच नाही त्याची राख कशी मिसळणार? मग काय, जन्मभर दाराबाहेरच उभे राहणार का हे?"

चंद्रकोरीसारखे दोन लाकडी ठोकळे असतात. एक उताणा, एक पालथा पडला तर हो. दोन्ही पालथे पडले तर नाही.

"स्वप्नात तरी येतात का?" मी विचारलं.

"रोज." वहिनींचा आवाज खाली गेला. "एका खोलीत असतात. खिडकी नाही. सगळं नवंकोरं. मला म्हणतात, आत्ताच आलोय. जरा टेकतात, तेवढ्यात अंधार होतो. मग परत तीच खोली, परत नवीकोरी. परत म्हणतात, आत्ताच आलोय. रात्रभर तेच. दार शोधतात गं, दारच नसतं…"



वहिनींना संगणक सुरूसुद्धा करता येत नाही.

मंगळवारी मी काही केलं नाही. खरं सांगते, भ्याले होते. बुधवारी दुपारी जेवण झालं. साडेबाराला रोजच्यासारखे दिवे मालवले. इथे जेवणानंतर तासभर सगळं ऑफिस टेबलावर डोकं टेकून झोपतं. पडदे ओढलेले. तीस माणसं. तीस डोकी खाली.

जागी मी एकटीच.

म्हटलं, गुपचूप ती फाइल काढून टाकू. स्क्रीन उघडली…

बिल्ड चालू होता.

सगळे झोपलेले. मग सुरू कुणी केला?

एक संपला की दुसरा. दुसरा संपला की तिसरा. यादी सरसर वर चाललेली. ९१०… ९११… ९१२…

आणि संगणकातून बारीक आवाज आला.

टिक. टिक. टिक.

तीन टिचक्या.

मग कोरी ओळ. ९१३.

शेजारच्या टेबलावर माझी सहकारी वेई-तिंग झोपली होती. तिला हलवावं असं वाटलं, पण हात उचलेना. चालू खोलीत बाहेरून शिरता येतं, आमचं रोजचं काम आहे ते. मी शिरले. ती फाइल उघडली.

पाकिटाचं चित्र होतं. माझी ओळ होती.

आणि खाली आणखी एक ओळ…

'आत्ताच आलोय. किती वाजले?'

घड्याळात बारा पन्नास. मला रडू फुटलं. काय करावं ते सुचेना, म्हणून वेड्यासारखं खाली लिहिलं, 'बारा पन्नास, दादा.'

तेवढ्यात काम संपलं. खोली पाडली गेली.

खोली पाडली की आत शिरलेला माणूस आपोआप बाहेर फेकला जातो. नेहमी असंच होतं.

मी फेकली गेले नाही.

समोर नवी खोली. भाग भराभर आत आले. टिक, टिक, टिक. फाइलमध्ये माझं उत्तर नव्हतं.

'आत्ताच आलोय. किती वाजले?'

मी पुन्हा लिहिलं. 'बारा पन्नास. दादा, वहिनी वाट बघतायत.'

खोली पडली. नवी उभी राहिली.

'आत्ताच आलोय. किती वाजले?'

बाहेर पडायची आज्ञा दिली. पडले नाही. स्क्रीनवरची खिडकी बंद केली, दुसरी उघडली. तीही आतच उघडली. मशीनचं बटण दाबून धरलं, तरी स्क्रीन चालूच.

घड्याळात बारा पन्नास.

अजून बारा पन्नास?

मी मान वर केली…

टेबलं रिकामी होती. तीसच्या तीस. ना डोकी, ना उशा, ना पाण्याच्या बाटल्या. सगळं आत्ताच पुसून ठेवल्यासारखं स्वच्छ. पडदे होते, पण पडद्यामागे खिडक्या नव्हत्या. मी दाराकडे धावले.

तिथे भिंत होती.

किती वेळ होते, सांगता येणार नाही. ओरडले असेन. दर वेळी अंधार व्हायचा आणि मी पुन्हा खुर्चीवर असायचे, जशी काही आत्ताच येऊन बसलेय. प्रत्येक वेळी वाटायचं, पहिलीच वेळ आहे. हे सगळ्यात वाईट होतं. भीतीसुद्धा साठत नव्हती.

"ताई! अगं ए ताई!"

वेई-तिंग मला गदागदा हलवत होती. दिवे लागले होते. दीड वाजला होता.

"घोरत होतीस नुसती," ती हसली. "आणि हे काय लिहून ठेवलंयस?"

स्क्रीनवर ओळीखाली ओळ. 'बारा पन्नास, दादा.' 'बारा पन्नास, दादा.' मी नंतर मोजल्या. चाळीस होत्या.

मी तिला जिन्यात नेऊन सगळं सांगितलं. वाटलं, टिंगल करेल. तिची जीभ तिखट आहे. पण ती पांढरीफटक पडली.

"तू नाव लिहिलंस? माणसाचं? ताई, पाकिटावर मशीनचं नाव लिहितात!"

"मला वाटलं, मान…"

"कसला डोंबलाचा मान! थांबा म्हणालीस आणि तो भला माणूस थांबला." ती भडकली होती. "आणि पाकिटाला मुदत का असते, माहितीये? तोवर पहारा द्यायचा, मग सुटी. पाकीट बदललं की सुटका. तुझ्या पाकिटाला मुदतच नाही!"

इतकी वर्षं मी पाकिटं बदलत होते. हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही.

आम्ही लिआव साहेबांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकलं. मग विचारलं, "फाइल पुसली की झालं ना?"

"नाही होत, साहेब. वरून पुसली तर नुसती झाकली जाते. तळाच्या थरात तशीच राहते. पायापासून नवा साचा करावा लागेल, आणि जुने सगळे जाळावे लागतील."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "मग बसलात का? कुन माझ्याबरोबर सतरा वर्षं होता. करा."

शनिवारी संध्याकाळी काम संपलं. मोजणी आली ९१२. टिचक्या नाहीत. ऑफिसातला एकूण एक जुना साचा पुसला.

रविवारी वहिनींच्या घरी गेलो. त्यांच्या पाया पडून मी सगळं कबूल केलं. त्यांनी मला हाताला धरून उठवलं. टेबलावर दादांचं पान वाढलेलं, शिजवलेलं डुकराचं मटण, भात, मुळ्याचं सूप. सासूबाई काठी धरून बसलेल्या. वहिनींनी उदबत्ती लावली. ठोकळे हातात घेतले.

"अहो… आलात का?"

एक उताणा, एक पालथा.

हो.

वहिनींच्या तोंडून आवाज फुटला, तो मी विसरणार नाही. सासूबाई रडायला लागल्या. वेई-तिंगने माझा हात इतका घट्ट धरला की दुखला. सासूबाईंनी राख मिसळायला चमचा उचलला.

वहिनी मात्र थांबल्या. पंचवीस वर्षांचा संसार. त्यांना काय जाणवलं, कोण जाणे. त्यांनी पुन्हा ठोकळे उचलले.

"सगळे आलात का?"

दोन्ही पालथे.

पुन्हा टाकले. दोन्ही पालथे.

तिसऱ्यांदाही.

चमचा सासूबाईंच्या हातात तसाच राहिला.

मला तेव्हाच कळलं. जितक्या ठिकाणी तो साचा, तितक्या ठिकाणी दादा अडकलेले. साचा बाहेर ठेवला होता. कुणीही घ्या, फुकट. सोमवारी आकडा पाहिला. दोन हजार सहाशे चौदा वेळा उतरवला गेला होता. कुणी नेला, कुठल्या देशात नेला, काही नोंद नाही. आम्ही तो काढून टाकला, पुसून टाका अशी सूचना लावली. उत्तरं आली सत्तावीस.

राख अजून मिसळलेली नाही. दादांची धूपदाणी वेगळीच आहे. वहिनींचा माझ्यावर राग नाही, आणि तेच मला जास्त लागतं. त्या रोज संध्याकाळी सात वाजता दोन पानं वाढतात आणि दार अर्धं उघडं ठेवतात. दर महिन्याला एकदा ठोकळे टाकतात. अजून नाहीच म्हणतात.

हे मराठीत लिहायचं कारण एवढंच, की तुमच्यातही ऑफिसात हेच काम करणारे पुष्कळ आहेत. तुमच्याकडे एखादा फुकट आणलेला साचा असेल, कधीही न अडणारा. भाग मोजताना एक जास्त येत असेल…

तर हसू नका. आत शिरा, तळाशी एक छोटी फाइल असेल, ती उघडा. आणि पायापासून सगळं पुसून टाका.

पण पुसण्याआधी, त्यांनी विचारलेलं असेल, तर त्यांना किती वाजले ते सांगा. आणि सांगा, की वहिनी अजून जेवायच्या थांबल्यात.